जास्तीचं माप

घरपट्टीच्या खात्यात जायला आमच्या नगरपालिकेत कुणीच तयार नसायचं. जन्ममृत्यूच्या टेबलाकडं लोक गरजेपोटी येतात, पाणीपुरवठ्याकडं शिव्या घालायला का होईना येतात. घरपट्टीवाल्याला मात्र आपणच लोकांच्या दारात जावं लागतं, आणि ज्या दारात जावं तिथं तोंडं वाकडी होतात. माझ्याआधीचे दोन कारकून ओळखी काढून त्या खात्यातून सुटले. तिसऱ्याला कावीळ झाली. मग हेडक्लार्कना आठवलं, की आवक-जावकच्या टेबलावर एक बाई बसते आणि तिची कुणाशी ओळख नाही. अशी मी घरपट्टीत आले.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची ती मधली वर्षं होती. पहिला भडका होऊन गेला होता, निर्णय काही होत नव्हता, आणि मोर्चा निघणार असं नुसतं कळलं तरी आमचं गाव सकाळी दहालाच शटरं ओढून घ्यायचं.

माझे यजमान चुडाव्याला शाळामास्तर होते. शनिवारी पॅसेंजरनं यायचे, सोमवारी पहाटे जायचे. मी सासरी, बाजारपेठेतल्या घरात. पुढं कापडाचं दुकान, मागं आणि वरच्या मजल्यावर आम्ही. दुकान भायांचं, म्हणजे यजमानांच्या थोरल्या भावाचं. आमच्या लिंगायत घरात धाकट्याच्या बायकोनं भायांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. ते आत आले की मी पदर पुढं ओढून बाजूला व्हायची. काही बोलायचं झालंच तर मधे सासूबाई लागायच्या.

"आई, हिला म्हणावं, चहात साखर लय पडायली."

"त्यांना म्हणावं, उद्यापासून कमी घालते."

तिघंही एकाच खोलीत असायचो. सासूबाई विभूती लावलेलं कपाळ एकदा इकडं, एकदा तिकडं फिरवायच्या आणि दोघांनीही ऐकलेलं वाक्य पुन्हा म्हणून दाखवायच्या. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट बोलायचे श्रम वाचायचे. पहाटे पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, ऑफिस, आल्यावर पुन्हा चूल; या सगळ्यात मला त्या वर्षांत एकच गोष्ट हवी असायची, ती म्हणजे कुणी काही विचारू नये.

नेमके मी घरपट्टीत आले त्याच उन्हाळ्यात नवे मुख्याधिकारी आले. तरुण होते, पुण्याकडचे होते. आल्या आठवड्यातच त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की घरोघरी जाऊन घरपट्टी मागायची पद्धत बंद. यापुढं मालकानं एक फॉर्म घ्यायचा, आपल्या घराचं माप स्वतः लिहायचं, किती खोल्या, पत्रा का माळवद, भाडेकरू आहे का, ते भरायचं, आणि ऑफिसच्या खिडकीत आणून द्यायचं. त्यावरून आकारणी होणार, बिल घरी जाणार, आणि पैसे बँकेत चलनानं भरायचे.

"लोकांवर विश्वास टाकला की लोक पुढं येतात," ते म्हणाले.

हेडक्लार्क निजामाच्या वेळी उर्दूतून शिकलेले, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी मान डोलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई, खिडकी तुमाला दिलीय. पंखा तिकडं चालत न्हाई, घरून काहीतरी आणा वारा घ्यायला."

फॉर्म सायक्लोस्टाईल करून आले. रिक्षावर भोंगा बांधून गावभर सांगून झालं. मी खिडकीत जाऊन बसले. पहिल्या दिवशी एक माणूस आला. त्याला रॉकेलचं कार्ड हवं होतं. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या खालच्या सावलीत कुत्रं झोपून राहिलं. परभणीकडचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको, पत्र्याखाली बसून कुणाची तरी वाट बघणं म्हणजे काय असतं. शाई दौतीत आटायची. मी वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसायची आणि मनात म्हणायची, येऊच नका, मेल्यांनो.

पण साहेबांना आकडे हवे होते. तेव्हा मला सांगण्यात आलं, की बाजारपेठेत फिरून व्यापाऱ्यांना फॉर्म समजावून द्या. म्हणजे घरोघरी जाणं बंद झालं होतं ते फक्त पुरुष कारकुनांचं.

मी फिरले. सगळीकडं बसायला गादी मिळाली, थंड पाणी मिळालं. किराण्याचे एक जुने व्यापारी मला म्हणाले, "तुमचा माणूस वर्षाला यायचा, नजर टाकून जायचा, आमी बी काही बोलायचो न्हाई. चांगलं चाललं होतं की! आता आमीच आमच्या भिंती मोजून तुमाला सांगावं? कामून?" मी त्यांना साहेबांचं वाक्य ऐकवलं, विश्वासाचं. ते हसले नाहीत. त्यांनी मला अजून एक ग्लास पाणी दिलं. पुढच्या बाजारी त्यांच्या दुकानातून फुटाण्याचा पुडा घरी आला, तो आमच्या फॉर्मचाच होता.

शेवटी राहिलं आमचं दुकान. ते टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं, पण यादीत ते मधोमध होतं. भाया गादीवर बसलेले होते. मी उंबऱ्याशी, पदर डोक्यावर. आम्हा दोघांच्या मधे सासूबाई नव्हत्या. मग मी मुनिमांकडं बघून बोलले.

"मालकांना म्हणावं, नगरपालिकेचा फॉर्म आहे. वरच्या मजल्याचं माप लिहायचंय."

भाया कापडाच्या ताग्याकडं बघत म्हणाले, "मुनीमजी, त्यांना म्हणावं, वरला मजला अजून कागदावर न्हाई. अन् ते त्यांनाबी ठाऊक हाय. त्या तिथंच राहतेत."

मुनिमांनी दोन्हीकडं पाहिलं आणि पानाचा डबा उघडला. मी फॉर्म गादीच्या कडेला ठेवून निघाले.  

मग एक बाई आली, जून उजाडायच्या आसपास. खिडकीत दोन हात दिसले, कपाशीच्या सरक्यांनी खरखरीत झालेले. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायांचे हात तसे असतात. माझ्याहून थोडी मोठी असेल. पदर कमरेला खोचलेला.

"बाई, ते घराचं फारम द्या."

पूर्ण उन्हाळ्यात स्वतःहून फॉर्म मागायला आलेली ती पहिलीच. मी फॉर्म पुढं केला आणि सवयीनं विचारलं, "घर नंबर?"

"तोच तर पायजे मला."

"नंबर नसेल तर फॉर्म भरता येत नाही. आधी घराची नोंद लागते."

"अन् नोंद कशानं व्हती?"

मी फॉर्मवरची सूचना पुन्हा वाचली. "फॉर्म भरल्यावर."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला तिची दया आली असं नाही. मला फक्त वाटलं, ही आता जाणार नाही.

ती रेल्वेलाइनच्या पलीकडं राहायची. तिथं चाळीसेक घरं होती, कुडाची, मातीची, काहींवर पत्रे. हे लोक नामांतराच्या पहिल्या वर्षी आले होते. त्यांच्या त्यांच्या गावात त्यांच्या घरांना आगी लागल्या तेव्हा काही जण पाहुण्यांकडं गेले, काही मुंबईला, आणि काही आमच्या स्टेशनावर उतरून तिथंच लाइनच्या कडेला बसले, ते बसले. आमच्या बाजारपेठेत त्यांना 'लाइनीपलीकडचे' म्हणायचे. आग कुणी लावली, हे कुणी बोलायचं नाही. त्यांना वीज हवी होती. वीज मंडळाचं ऑफिस म्हणत होतं, घरपट्टीची पावती आणा. घरपट्टीचं ऑफिस, म्हणजे मी, म्हणत होते, घर नंबर आणा.

ती दर आठवड्याला येऊ लागली. जिनिंगला सुट्टी असेल त्या दिवशी. कधी एकटी, कधी सोबत दोन-चार बाया. भांडण नाही, आरडाओरडा नाही. "आज बी न्हाई का?" इतकंच. मी म्हणायची, "नाही हो." मग ती तिथंच पायरीवर बसून पाणी प्यायची आणि जायची. एकदा मी वैतागून बोलून गेले, "अहो, लोक पट्टी चुकवायला बघतात. तुम्ही मागून कशाला घेताय?"

"तुमाला चुकवता येती," ती म्हणाली. "आमाला तर कुणी मागत बी न्हाई."

पावसाळा निम्मा झाला तेव्हा साहेबांना जिल्ह्याच्या बैठकीचं बोलावणं आलं. त्यांनी मला आणि हेडक्लार्कना आत बोलावलं. फॉर्म किती आले? मी सांगितलं.  जे थोडे आले होते त्यातले निम्मे आमच्याच कर्मचाऱ्यांचे होते, सक्तीनं भरून घेतलेले. साहेबांचा चेहरा उतरला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला ते माझ्यासारखेच दमलेले दिसले.

"एकालाही नकोय का हे?" त्यांनी विचारलं.

मी काही ठरवून बोलले नाही. पाय दुखत होते, उभं राहून वेळ झाला होता, आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, लाइनीपलीकडच्यांना हवंय. ते दर आठवड्याला येतात. आपण देत नाही."

"का देत नाही?"

हेडक्लार्क म्हणाले, "जागा गायरान हाय, साहेब. सरकारी. त्यांची मालकी न्हाई."

"कर घेतल्यानं मालकी होत नाही."

"होत न्हाई, साहेब. पण लोकांना तसं वाटतं."

"तर मग पावतीवर तसा शिक्का मारा. मालकी हक्क नाही म्हणून." साहेबांनी खुर्ची मागं सारली. "फॉर्म द्या त्यांना."

हेडक्लार्क बाहेर येऊन आपल्या टेबलाशी बसले. मग त्यांनी शिक्का करायला टाकला. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं नाही, पण शिक्क्यातली अक्षरं त्यांनी मुद्दाम बारीक ठेवायला सांगितली, हे मी ऐकलं.

फॉर्म स्वतः भरायचा, असं सरकारी भाषेत लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात लाइनीपलीकडं लिहिणारे हात थोडे होते आणि त्यांना आमच्या फॉर्मची भाषा उमगत नव्हती. मलाही पूर्ण उमगत नव्हती. शेवटी एका रविवारी मी टेप घेऊन गेले. यजमान घरी होते; त्यांना सांगितलं, ऑफिसचं काम आहे. ते वर्तमानपत्र वाचत होते. "रविवारीसुद्धा?" म्हणाले, आणि पान उलटलं.

लाइन ओलांडून उतरलं की चिखल होता. बाया अंगण सारवून बसल्या होत्या, सण असल्यासारख्या. मला हे सगळं पाहून आनंद व्हायला हवा होता. मला आठवतं ते असं, की माझी चप्पल चिखलात रुतून तुटली आणि मी दिवसभर अनवाणी फिरले. घर मोजायचं, माझ्या हातानं माप लिहायचं, खाली अंगठा घ्यायचा. मधेच दोघांचं समाईक कुडावरून भांडण. ते मिटेपर्यंत थांबायचं. मग पुढचं घर.

तिच्या घरी आम्ही दुपारी पोचलो. एक खोली, पुढं पडवी. मी टेप धरला, तिनं दुसरं टोक धरलं. मी आकडा लिहिणार तोच ती म्हणाली, "थांबा. ती मोरी बी धरा." पोत्यांचा आडोसा होता, न्हाणीसाठी.

"ते बांधकामात येत नाही."

"लिवा तरी."

मी लिहिलं. मग ती लिंबाखालच्या दगडी ओट्याकडं गेली. "हे बी माझंच हाय. मीच रचलंय."

"अहो, ओट्यावर पट्टी लागत नाही. आणि लागली तर तुमचीच वाढेल."

"वाढू द्या."

"तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतेय? जेवढं जास्त लिहाल तेवढी जास्त पट्टी."

तिनं टेपचं टोक ओट्याच्या पार कडेला नेऊन दाबून धरलं. "बाई, गावाकडं आमचं घर व्हतं. चांगलं माळवदाचं. जळालं. पंचनाम्याला माणूस आला तर म्हनला, हितं किती घर व्हतं ते कशावरून? आमी हातानं दाखवलं, हितून तितवर. त्यानं निम्मं लिवलं. कागद नव्हता आमच्याकडं." ती सरळ उभी राहिली. "आता जास्ती लिवा. उद्या कुणी ढकललं तर एवढी जागा व्हती असं तरी दिसंल."

मी माहेरीही बाजारपेठेतच वाढलेली. माप कमी कसं दाखवायचं, याच्या शंभर तऱ्हा मी लहानपणापासून ऐकल्या होत्या. माप जास्त लिहा म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते. मी ओटा धरून लिहिलं.

तिनं चहा केला. कप पुढं करताना तिचा हात किंचित थांबला, आणि तो कशासाठी थांबला ते मला कळलं. मी चहा घेतला. गुळाचा होता, फार गोड. घरी जाऊन मी हे कुणाला सांगितलं नाही, तरी संध्याकाळपर्यंत सासूबाईंना ठाऊक झालं होतं. त्यांनी मला न्हाऊन येईपर्यंत देवाच्या खोलीकडं जाऊ दिलं नाही. रागावल्या नाहीत. "ऑफिसचं काय, करावं लागतं," एवढंच म्हणाल्या, आणि बादलीत पाणी ओतून दिलं.

जिल्ह्याच्या बैठकीत साहेबांचं कौतुक झालं. आमच्या गावचे फॉर्म वाढले होते. त्यातली बहुतेक नावं लाइनीपलीकडची होती, हे त्यांनी तिथं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. गावात मात्र ते कळायला वेळ लागला नाही. पावत्या निघू लागल्या, आणि पहिल्या काही घरांपाशी विजेचे खांब आले, तेव्हा बाजारपेठेनं अर्ज केला. गायरानावरच्या अतिक्रमणाला नगरपालिका उत्तेजन देते, असा त्याचा मजकूर होता. खाली सह्या होत्या. पहिली सही भायांची.

तो अर्ज घेऊन ते स्वतः आले. आवक-जावकला दुसरा माणूस बसत होता, तो जेवायला गेला होता. भाया माझ्या खिडकीसमोर उभे राहिले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मधे बोलायला कुणीच नव्हतं.

"पोच पायजे," ते म्हणाले. मला, सरळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी अर्ज वाचला, शिक्का मारला, सही केली. पदर डोक्यावरून घसरला होता तो सावरायलाही सुचलं नाही.

"तुमी वाईट वाटून घेऊ नका," ते खिडकीच्या गजांकडं बघत म्हणाले. "तुमच्यावर न्हाई हे. पण आज पावती, उद्या मत, परवा म्हणतेल, बाजारात गाळा द्या. धंदा करणाऱ्यानं इचार करावा लागतो."

मला पुष्कळ बोलता आलं असतं. वरच्या मजल्याचं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "पोच घ्या." त्यांनी घेतली.

त्यानंतर घरात माझं जेवण वेगळं वाढलं जाऊ लागलं असं काही झालं नाही. लोकांना वाटतं तसं मोठं काही होत नाही. फक्त जाऊबाई माझ्याशी कामापुरतं बोलू लागल्या, आणि सासूबाई मधे बसून निरोप पोचवायच्या ते कमी झालं, कारण निरोपच कमी झाले. यजमान शनिवारी आले तेव्हा मी सगळं सांगितलं. ते बूट काढत होते.

"बदली माग ना दुसऱ्या खात्यात."

"कोण देणार? कुणीच यायला तयार नाही इथं."

"मग गप बस," ते म्हणाले. वाईट अर्थानं नाही. तेही गाडीत उभ्यानं आले होते.

दिवाळीनंतर साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी पहिल्याच दिवशी अर्ज मागवून घेतला आणि लाइनीपलीकडच्या ज्या फॉर्मवर पावती निघाली नव्हती ते सगळे स्थगित ठेवले. अशा फॉर्मचा एक गठ्ठा होता, चौकशीसाठी बाजूला काढलेला. माप आणि बांधकाम जुळत नाही म्हणून काढलेला. त्यात तिचा फॉर्म होता. ओट्यामुळं आणि मोरीमुळं. शेजारच्या घरांना मीटर लागले, आणि जिनं सगळ्यांना लाइन ओलांडून आणलं तिच्या घरात कंदील राहिला.

हे तिला मलाच सांगावं लागलं. मी म्हणाले, "मोरी आणि ओटा खोडून नव्यानं भरू. मी साहेबांशी बोलते."

तिनं विचार केला. खरंच केला, पायरीवर बसून, बराच वेळ. मग म्हणाली, "न्हाई. एकदा लिवलं ते लिवलं. खोडलं तर म्हणतेल, खोटं व्हतं म्हणून खोडलं."

"वीज मिळायची नाही."

"न्हाई तर न्हाई. पोरी शेजारी बसून अभ्यास करतेत."

ती उठली. "साहेब बदलला, बाई. घर काय बदललं न्हाई," म्हणाली आणि गेली. त्यानंतरही येत राहिली, पण आठवड्याला नाही, महिन्या-दोन महिन्यांनी. मी तेच उत्तर द्यायची. कधीकधी तर तिनं विचारायच्या आत मी मान हलवायची आणि ती रस्त्यावरूनच परत फिरायची. अशी काही वर्षं गेली. त्या काळात मी तिच्यासाठी काही लढले असं सांगता येत नाही. दोनदा टिपणी लिहिली. दोन्ही वेळा 'चर्चा करावी' असा शेरा येऊन परत आली. चर्चा कुणाशी करावी, ते लिहिलेलं नव्हतं.

मग कॉम्प्युटर आला. म्हणजे आमच्याकडं नाही आला; औरंगाबादच्या एका माणसाशी नगरपालिकेनं करार केला. आमचे सगळे फॉर्म आणि जुन्या नोंदी त्यानं न्यायच्या, मशीनवर चढवायच्या आणि छापील बिलं करून द्यायची. जीपमधून त्याची माणसं आली आणि त्यांनी रेकॉर्डरूममधले गठ्ठे उचलले. कुठला गठ्ठा कशाचा, हे सांगायला हेडक्लार्क राहिले नव्हते. निवृत्त झाले होते. मी होते. कुणी मला विचारलं नाही आणि मीही जाऊन सांगितलं नाही. त्या दिवशी मी खिडकीत होते, बाहेर माणसं उभी होती. एवढंच.

बिलं आली ती दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर, एकाला एक जोडलेली. मी ती पट्टीनं फाडत होते. लाइनीपलीकडची बिलं निघाली. स्थगित गठ्ठ्यातलीसुद्धा. स्थगित म्हणजे काय, ते त्या मशीनला ठाऊक नव्हतं. फॉर्म होता, माप होतं, नाव होतं. त्यानं नंबर देऊन टाकला होता. तिचं नाव निघालं. नावात एक काना जास्त पडला होता. माप मात्र बरोबर होतं, मोरी आणि ओट्यासकट.

मी ते बिल साहेबांकडं नेलं. तोवर तिसरे साहेब आले होते. मी सांगितलं, हे स्थगित प्रकरण आहे. ते म्हणाले, "बाई, सगळी बिलं छापून झालीत. आता एकेक काढत बसू का? वाटून टाका." आणि त्यांनी फोन उचलला.

बाजारपेठेतही बिलं गेली. ज्यांनी फॉर्म भरला नव्हता त्यांच्या घराचं माप करारवाल्यानं अंदाजानं धरलं होतं, आणि अंदाज सढळ होता. दोन दिवसांत खिडकीसमोर रांग लागली. किराण्याचे व्यापारी होते, सराफ होते, डॉक्टर होते. सगळे म्हणत होते, फॉर्म द्या, आमचं माप आम्ही लिहितो. पहिल्या साहेबांनी विश्वास टाकल्यावर जे झालं नव्हतं ते चुकीच्या बिलानं झालं. मी फॉर्म देत होते, समजावत होते, पुन्हा देत होते. संध्याकाळी आवाज बसायचा.

भाया रांगेत उभे नव्हते. त्या रात्री त्यांनी भरलेला फॉर्म सासूबाईंच्या हाती दिला आणि सासूबाईंनी माझ्या. "वरला मजला लिवलाय म्हणावं," त्या म्हणाल्या. मी पाहिलं, खरंच लिहिला होता. थोडा आखूड करून, पण लिहिला होता.

"त्यांना म्हणावं, उद्या जमा करते," मी म्हणाले.

तिचं बिल मी स्वतः द्यायला गेले नाही. शिपायानं दिलं. ती बँकेत चलन भरून आली आणि पावती घेऊन गेली, तेव्हा खिडकीत इतकी गर्दी होती की आम्ही बोललो नाही. मी शिक्का मारला, तिनं पावती दोन्ही बाजूंनी पाहिली, घडी करून कनवटीला लावली. हिवाळ्यात तिच्याकडं मीटर बसला, असं शेजारच्या बाईनं सांगितलं.

नामविस्तार झाला त्या वर्षी बाजारपेठ पुन्हा काही दिवस बंद होती. लाइनीपलीकडं दिवे लावले होते. आमच्या माडीवरून ते दिसायचे. भाया कठड्याशी उभं राहून बघत होते. दुकानं उघडली, मार्च आला, आणि आम्ही पुन्हा बिलं वाटली.

एप्रिलमध्ये ती खिडकीत आली. आता तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या पावत्या. रांगेत तिच्यापुढं कापडबाजारातला एक जण होता, तो मला पट्टी जास्त लावल्याबद्दल बराच वेळ बोलून गेला. त्याच्यामागून ती पुढं आली, बिल खिडकीत आपटलं आणि म्हणाली, "काय बाई हे? लय पट्टी लावली औंदा. आमी काय नोटा छापायलाव का?"

मी तिच्याकडं पाहिलं. ती खरोखर चिडलेली होती. रांगेतले बाकीचे माना डोलवत होते. "बरोबर हाय यांचं," मागून कुणीतरी म्हणालं.

मला हसू आलं नाही. डोकं दुखत होतं, आणि मागं रांग होती. मी तक्रारीचा कागद काढून तिच्यापुढं सरकवला.

"इथं अंगठा करा. मजकूर मी लिहिते. काय लिहू?"

"लिवा," ती म्हणाली, "की पट्टी कमी करा म्हणून. पर माप हाय तेवढंच ठेवा."

मी तसं लिहिलं.